कवयित्री आणि त्यांचे जामीनदार

१७७३ साली लंडनमध्ये निघालेल्या एका छोट्या कवितासंग्रहाची सुरुवातीची पाने मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. आधी कवयित्रीचे चित्र: डोक्यावर साधी टोपी, हातात पिसाची लेखणी, पुढ्यात कागद. चित्राच्या चौकटीत तिचे नाव, आणि नावापाठोपाठ ती कोणाची नोकर आहे तेही. मग तिच्या मालकाचे पत्र: ही मुलगी १७६१ मध्ये आफ्रिकेतून आली आणि सोळा महिन्यांत इंग्रजी शिकली. मग जाहीर दाखला: या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत याची आम्हाला खात्री आहे. त्याखाली बॉस्टनमधल्या १८ प्रतिष्ठितांची नावे. त्यांत प्रांताचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन आहे, आणि पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठसठशीत सही करणारा जॉन हॅनकॉकही आहे. हे सगळे सोपस्कार उरकले की फिलिस व्हीटलीची पहिली कविता येते. फिलिस हे नावही तिचे नव्हे. ज्या गुलामवाहू जहाजातून तिला आणले, त्या जहाजाचे ते नाव.

हे टोकाचे उदाहरण झाले, पण अपवाद नव्हे. ॲन ब्रॅडस्ट्रीटचा संग्रह १६५० मध्ये लंडनला छापला गेला तो तिला न विचारता. तिच्या मेव्हण्याने कविता परस्पर विलायतेला नेल्या आणि वर वाचकांना भरवसा दिला, की हे लेखन बाईने घरची कामे टाकून नव्हे, तर झोपेतून वेळ काढून केले आहे. १६८६ मध्ये ॲन किलिग्रूच्या कविता तिच्या मृत्यूनंतर निघाल्या, तेव्हा ड्रायडनचे शोकगीत आधी आणि तिच्या ओळी मागून. ब्रिस्टलची दूधवाली ॲन यिअर्झ्ली १७८५ मध्ये छापली गेली ती हॅना मोर या प्रतिष्ठित लेखिकेच्या पत्रासह. वर्गणीतून जमलेले पैसेही मोरबाईंनी विश्वस्त म्हणून स्वतःच्या ताब्यात ठेवले, आणि त्यावरून दोघींचे असे फाटले की नंतरच्या आवृत्तीत यिअर्झ्लीने आपली बाजू छापूनच टाकली. इंग्रजी कवयित्रीचे पुस्तक वाचकाच्या दारात सहसा एकटे येत नाही. कोणीतरी जामीन राहिलेले असते. या विषयात नव्याने येणाऱ्याला माझी पहिली विनंती अशी, की कवितांइतकेच या जामीनदारांकडेही लक्ष द्यावे. प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसाने हे सांगावे यातली गंमत मला कळते.

या क्षेत्रात येणारा बहुतेक जण व्हर्जिनिया वुल्फचा हात धरून येतो. १९२९ च्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये तिने शेक्सपिअरला एक बहीण कल्पिली, जूडिथ. भावाइतकीच प्रतिभा, पण शाळा नाही, रंगभूमीचे दार बंद, आणि शेवट आत्महत्येत. ही गोष्ट इतकी परिणामकारक उतरली आहे की पुढच्या दोन पिढ्यांनी ती इतिहास म्हणूनच वाचली. एलिझाबेथच्या काळात बाई कविता लिहूच शकत नव्हती, हे गृहीत धरले गेले. वुल्फचा राग खरा होता, माहिती अपुरी होती. तिच्यासमोर छापील पुस्तके होती, आणि त्यांतही जी पुन्हापुन्हा छापली गेली तीच. १९९३ मध्ये मार्गारेट एझेल या अभ्यासक बाईंनी नेमके यावर बोट ठेवले: सोळाव्या-सतराव्या शतकात छापणे हा कविता प्रसृत करण्याचा एकमेव मार्ग नव्हता, आणि उमरावांच्या घराण्यांत तर तो फारसा प्रतिष्ठेचाही नव्हता. कविता वहीतून वहीत उतरून घेतल्या जात, पत्रातून जात, मित्रमंडळात फिरत. पुरुषांच्याही. डनच्या कविता बहुतांशी अशाच फिरल्या. छापील तेवढेच मोजायचे ठरवले की बायका आपोआप कमी भरतात.

मेरी सिडनीचेच पहा. भाऊ फिलिप १५८६ मध्ये युद्धात जखमी होऊन मेला, तेव्हा त्याने बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी ४३ इंग्रजी पद्यात आणली होती. उरलेली १०७ बहिणीने केली, आणि जवळजवळ प्रत्येकाला निराळा छंद, निराळी कडव्यांची बांधणी दिली. डनने या स्तोत्रांवर कविता लिहिली. तरी हे पुस्तक छापून यायला १८२३ साल उजाडले. जूडिथची गोष्ट ऐकून गहिवरलेल्या वाचकाने या खऱ्या बहिणीशी ओळख करून घ्यावी. ती अपयशी नव्हती, एकाकी तर मुळीच नव्हती.

छापणाऱ्याही होत्याच. इझाबेला व्हिटनी ही लंडनमध्ये चाकरी करणारी बाई. नोकरी सुटली, शहर सोडायची वेळ आली. १५७३ च्या संग्रहाच्या शेवटी तिने लंडनच्या नावे मृत्युपत्र लिहिले आहे. देण्यासारखे तिच्यापाशी काहीच नाही, म्हणून ती शहराला शहरच देऊन टाकते: खाटकांच्या गल्ल्या, पाव भाजणारे, रेशमाची दुकाने, टांकसाळ, तुरुंग. ऋणकोंच्या लडगेट तुरुंगाचा उल्लेख येतो तिथे तिचा तिरकसपणा ऐन भरात असतो. हा तुरुंग मी स्वतःसाठी राखून ठेवणार होते, म्हणते, पण त्यासाठी आधी कोणीतरी उधार द्यायला हवे, आणि माझी तेवढीही पत नाही. मग सेंट पॉल्सच्या परिसरातल्या पुस्तकवाल्यांकडे वळते आणि माझी पुस्तके माझ्या छापणाऱ्याकडूनच विकत घ्या, अशी मित्रांना ताकीद देऊन मोकळी होते. शेक्सपिअर तेव्हा नऊ वर्षांचा होता. शहरावर इतकी हिशेबी आणि इतकी प्रेमळ कविता त्या शतकात दुसरी माझ्या वाचनात नाही.

सतराव्या शतकात नावे झपाट्याने वाढतात. एमिलिया लॅनियरने १६११ च्या पुस्तकात आदम-हव्वेचा खटला पुन्हा चालवला आणि हव्वेला निर्दोष ठरवले. पण विसाव्या शतकात तिची ओळख झाली ती भलत्याच कारणाने. ए. एल. राउस या इतिहासकाराने ठरवले की शेक्सपिअरच्या सुनीतांमधली सावळी स्त्री ती हीच, आणि १९७८ मध्ये तिच्या कविता त्याच शीर्षकाखाली छापल्या. पुरावा तकलादू होता. पण कवयित्रीला वाचनीय ठरवायला तिचा एखाद्या कवीच्या बिछान्याशी संबंध जोडावा लागतो, ही सवय केवढी जुनी आहे हे मात्र सिद्ध झाले. मेरी रॉथ, मार्गारेट कॅव्हेंडिश, ‘ओरिंडा’ या टोपणनावाने गाजलेली कॅथरिन फिलिप्स आणि लेखणीवर पोट भरणारी ॲफ्रा बेन यांच्यावर आता भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे नुसती नावे घेऊन पुढे जातो.

थांबायचे ते हेस्टर पुल्टरपाशी. हर्टफर्डशरमधल्या ब्रॉडफील्ड इथल्या घरात राहणारी ही बाई १६७८ मध्ये वारली. पंधरा मुले झाली, बहुतेक तिच्या आधी गेली. तिच्या हयातीत तिचे काही छापले गेले नाही आणि नंतरही कोणाला पत्ता नव्हता. लीड्स विद्यापीठाच्या ब्रॉदर्टन ग्रंथसंग्रहात तिची वही होती, पण या वहीत काय आहे हे अभ्यासकांच्या ध्यानात यायला १९९६ साल उजाडले. आत शंभराहून अधिक कविता. १६४८ मध्ये, मुलगा जॉन जन्मला तेव्हा, ती इतकी अशक्त झाली होती की दहा दिवस-रात्री उशीवरून डोके हलवता आले नाही, असे ती एका कवितेच्या शीर्षकातच नोंदवते. आणि त्या कवितेत ती करते काय, तर ग्रहमालेची सफर. चंद्रापासून निघून एकेक ग्रह ओलांडत जाते. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरणारी, हे नवे खगोलशास्त्र तिला ठाऊक होते. बाळंतिणीच्या खोलीतून लिहिलेली अंतराळाची कविता मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या आधी एकोणीस वर्षे तयार होती, हे कळल्यावर सतराव्या शतकाचा नकाशा पहिल्यासारखा वाटत नाही. आज ही वही संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते, मूळ पानांच्या छायाचित्रांसकट.

ल्यूसी हचिन्सनची कथा याहून चमत्कारिक. तिच्या सृष्टिकथेवरच्या महाकाव्याचे पाच सर्ग १६७९ मध्ये निनावी छापले गेले आणि ते तिच्या भावाचे म्हणून ओळखले गेले. डेव्हिड नॉरब्रुकने ते तिचे असल्याचे दाखवून २००१ मध्ये तिच्या नावावर छापले. सुमारे तीनशे वर्षे भावाच्या खात्यावर जमा असलेले हे काव्य आहे!

अठराव्या शतकातल्या मोलकरणी आणि धोबिणी हा या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, हे लपवत नाही. १७३० मध्ये स्टीफन डक नावाच्या शेतमजुराने मळणीच्या कष्टांवर कविता लिहिली. राणी कॅरोलाइनने त्याला जवळ केले, आश्रय दिला. त्या कवितेत डकने शेतात येणाऱ्या बायकांना वाचाळ म्हणून टोमणा मारला होता. पीटर्सफील्डच्या मेरी कॉलियर या कपडे धुणाऱ्या बाईने डकच्या कविता तोंडपाठ केल्या आणि १७३९ मध्ये त्याला पद्यातच उत्तर दिले. तिचा मुद्दा साधा आणि न खोडता येण्याजोगा होता: संध्याकाळी पुरुष घरी येऊन बसतो, तेव्हा आमची दुसरी पाळी सुरू होते. मग ती मोठ्या घरातल्या धुण्याचा दिवस उभा करते. उजाडण्यापूर्वी दार ठोठावायचे, आतल्या मोलकरणीला जाग येईपर्यंत थंडीत उभे राहायचे, नाजूक मलमली आणि झालरी हलक्या हाताने धुवायच्या, आणि दिवस संपताना बोटांतून रक्त येऊ लागते. ही भांडणाची कविता आहे, आणि भांडण कॉलियरने जिंकले आहे असे माझे मत. बक्षीस मात्र डकला. ती साठी उलटेपर्यंत लोकांचे कपडेच धूत राहिली. नॉर्थम्प्टनशरची मेरी लीपर ही स्वयंपाकघरात राबणारी मुलगी १७४६ मध्ये चोविसाव्या वर्षी गोवराने गेली. तिच्या दोन संग्रहांपैकी एकही तिने पाहिला नाही. बड्या घराचे गोडवे गाणाऱ्या कवितांची इंग्रजीत मोठी परंपरा आहे. लीपरने ते घर स्वयंपाकघराच्या बाजूने दाखवले.

मग या सगळ्या गेल्या कुठे? निव्वळ पुरुषी आकस हे उत्तर पुरत नाही, त्यात व्यापारही होता. १७७४ च्या एका निकालाने जुन्या पुस्तकांवरचा प्रकाशकांचा कायमचा हक्क संपला आणि जुने कवी कोणालाही छापता येऊ लागले. स्वस्त मालिकांची चढाओढ लागली. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपली मालिका काढली आणि चरित्रे लिहायला सॅम्युएल जॉन्सनला गाठले. १७७९ ते १७८१ दरम्यान निघालेल्या त्या कामात ५२ कवी आहेत आणि बाई एकही नाही. यादी बव्हंशी दुकानदारांनी ठरवली होती, पण जॉन्सनच्या नावामुळे तिला निकालाचे वजन आले. गंमत म्हणजे १७५५ मध्येच कोलमन आणि थॉर्नटन यांनी १८ कवयित्रींचा दोन खंडी संग्रह काढला होता. म्हणजे बायका माहीत होत्या, फक्त वेगळ्या ठेवल्या होत्या. लोकलमधल्या बायकांच्या डब्याचे जे, तेच अशा संग्रहांचे: जागा मिळते हे खरे, पण बाकीची गाडी आपली असे पुरुष प्रवाशांनी धरून चालावे, हेही त्यातूनच घडते. कवयित्रींचे स्वतंत्र संग्रह आजही निघतात आणि मीही त्यांच्यावर वाढलो आहे. रॉजर लॉन्सडेलच्या १९८९ च्या संग्रहाने अठराव्या शतकातल्या शंभराहून अधिक कवयित्री एकत्र आणल्या नसत्या, तर वरचा परिच्छेद मला लिहिताच आला नसता. तरी डब्याचा प्रश्न सुटलेला नाही.

टीकाकारही होतेच. ॲना बार्बोल्डने १८१२ मध्ये नेपोलियनशी चाललेल्या युद्धाविरुद्ध दीर्घ कविता छापली. त्या वेळी ती साठी कधीच ओलांडून गेलेली, मुलांच्या पुस्तकांसाठी घरोघरी नाव असलेली लेखिका होती. कवितेत तिने उद्याचे इंग्लंड पाहिले: साम्राज्य लयाला गेले आहे, आणि अटलांटिकपलीकडून आलेले प्रवासी लंडनचे भग्नावशेष बघत हिंडताहेत. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त जॉन विल्सन क्रोकरने तिचा समाचार घेतला. सूर असा, की आजीबाईंनी विणकाम टाकून राजकारणात पडू नये. पुढे तिने स्वतंत्र काव्यपुस्तक काढले नाही.

एकोणिसावे शतक आपल्या जास्त ओळखीचे आहे. फेलिशिया हेमन्सची ‘कॅसाबिआन्का’ भारतातल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली गेली. जळत्या जहाजावरच्या त्या मुलाची कविता बाईची आहे, हे पाठ करणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक होते, कोण जाणे. एल. ई. एल. या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या लेटिशिया लॅंडनचे काम याहून मजेशीर. १८३० च्या दशकात नाताळच्या भेटीसाठी काढलेल्या सचित्र वार्षिकांत तिला आधी चित्र दिले जाई आणि त्यावर कविता मागवली जाई. त्या चित्रांत वेरूळच्या रामेश्वर लेण्यातले सांगाड्यांचे शिल्पही होते. भारताचे तोंडही न पाहिलेल्या बाईने लंडनमध्ये बसून त्यावर कविता रचली. कविता सामान्य आहे, तरी त्या बाजाराचा नमुना म्हणून वाचावी.

एलिझाबेथ बॅरेटने १८४५ मध्ये एका पत्रात तक्रार केली, की मी सगळीकडे आज्या शोधते आणि एकही सापडत नाही. तिला ग्रीक येत होते, जुन्या इंग्रजी काव्याचा तिचा व्यासंग मोठा होता. तरी असे वाटावे, याला कारण तिचे अज्ञान नव्हे. पुल्टर वहीत होती, हचिन्सन भावाच्या नावावर, व्हिटनी दुर्मीळ प्रतींत. वर्ड्‌स्वर्थच्या निधनानंतर १८५० मध्ये राजकवी म्हणून ‘अथीनियम’ने याच बॅरेटचे, म्हणजे आताच्या ब्राउनिंगबाईंचे, नाव सुचवले. पद टेनिसनला गेले. ड्रायडनपासून, म्हणजे १६६८ पासून, चालत आलेल्या या पदावर पहिली बाई बसली ती २००९ मध्ये, कॅरल ॲन डफी. त्यानंतर २०१९ मध्ये इम्तियाज धारकर यांनी ते नाकारल्याच्या बातम्या आल्या. लाहोरचा जन्म, ग्लासगोतले बालपण आणि मुंबईतली बरीच वर्षे हा त्यांचा प्रवास.

आता जामीनदारांपैकी सर्वांत रंगतदार इसम: एडमंड गॉस. ऑगस्ट १८७६ मध्ये ‘एक्झामिनर’ साप्ताहिकाच्या कचेरीत हा तरुण समीक्षक, पुस्तकांचा दुष्काळ म्हणून कुरकुरत बसला होता. संपादक मिंटोने टपालाने आलेले एक पुस्तक त्याच्या हातात कोंबले. यथातथा छपाई, प्रस्तावना नाही, भवानीपूरचा साप्ताहिक संवाद छापखाना. ते तोरू दत्तचे फ्रेंच कवितांचे भाषांतर निघाले. विसाव्या वर्षी केलेले, काही कविता आधीच वारलेल्या बहिणीच्या, अरूच्या. वर्षभराने, ३० ऑगस्ट १८७७ रोजी, तोरूही गेली. १८८२ मध्ये तिची ‘एन्शंट बॅलड्‌स अँड लेजंड्‌स ऑफ हिंदुस्तान’ निघाली ती गॉसच्या प्रस्तावनेसह. पुढे हैदराबादहून लंडनला शिकायला आलेल्या सरोजिनी चट्टोपाध्याय या मुलीच्या कविता यानेच वाचल्या, आणि इंग्रजी पक्षी-फुले सोडून आपल्या देशाचे लिही, असा सल्ला दिला. तो सल्ला त्याने १९१२ मध्ये तिच्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत फुशारकीने सांगितला आहे.

याच गॉसने कॅथरिन फिलिप्सवर लेख लिहून तिला उजेडात आणले आणि ॲन फिंचच्या कवितांचे हस्तलिखित मिळवून जपले. आणि याच गॉसने ब्राउनिंगबाईंची सुनीते १८४७ मध्ये रेडिंगला गुपचूप छापली गेली, अशी गोड कथा पसरवली. ते ‘१८४७ चे’ चोपडे टॉमस वाइज या पुस्तकसंग्राहकाने बनवलेले बनावट होते. कार्टर आणि पोलार्ड यांनी १९३४ मध्ये कागद आणि खिळे तपासून त्याचे बिंग फोडले. कागदाचा लगदाच असा होता, जो १८४७ मध्ये वापरात नव्हता. गॉस फसला होता की सामील होता, यावर अजून वाद घालता येतो. पण कलकत्त्याची मुलगी, हैदराबादची मुलगी आणि सतराव्या शतकातल्या दोन इंग्रज बायका एकाच माणसाच्या टेबलावरून इतिहासात गेल्या, हे विसरू नये. त्याने जे सोडले, त्याची यादी कोणी ठेवलेली नाही.

सत्तरच्या दशकापासून स्त्रीवादी अभ्यासकांनी शोधाचे काम हाती घेतले आणि त्याचे फळ आज आपल्यासमोर आहे. पण या क्षेत्रात एकमत आहे असे समजू नये. १९८८ मध्ये सतराव्या शतकातल्या कवयित्रींचा संग्रह संपादणाऱ्यांत जर्मेन ग्रीअर होती, आणि १९९५ मध्ये तिनेच उलटून सांगितले की यांतल्या अनेकींचे नुकसान दुर्लक्षाने नव्हे, खोट्या कौतुकाने झाले. शिक्षण दिले नाही, आणि कच्च्या कवितांना टाळ्या वाजवल्या. हे पटो वा न पटो, सापडलेली प्रत्येक वही श्रेष्ठच असते असे मानणाऱ्यांना तिचा धाक हवा. माझ्यापुरते सांगायचे तर हेमन्स मी कर्तव्य म्हणून वाचतो, आणि व्हिटनी, कॉलियर, पुल्टर स्वतःहून.

सुरुवात त्याच तिघींपासून करावी. कालक्रमाने जाण्याची गरज नाही. कॉलियर वाचल्यावर डकही वाचा, नाहीतर भांडणाची अर्धीच बाजू कळेल. मग ब्राउनिंगबाईंची ‘ऑरोरा ली’, क्रिस्तीना रोझेटी आणि एमिली डिकिन्सन. डिकिन्सनची मात्र १८९० ची आवृत्ती घेऊ नका. मृत्यूनंतर तिच्या दोन संपादकांनी तिचे यमक आणि विरामचिन्हे सरळ करून टाकली होती. १९५५ नंतरची कोणतीही चालेल. आणि या सगळ्याबरोबर यूनिस डिसूझांचे ‘नाइन इंडियन विमेन पोएट्स’ जवळ असू द्या. पुण्यात जन्मलेल्या, गोव्याच्या वंशाच्या आणि मुंबईच्या सेंट झेविअर्समध्ये वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या या कवयित्रीने १९९७ मध्ये तो संग्रह काढला. निवड तिची, प्रत्येकीची ओळख करून देणारे टिपणही तिचेच. नवांत तिने स्वतःलाही घेतले, आणि त्यासाठी कोणाचा दाखला जोडला नाही.